बैराग्याचं काळं प्लास्टिक

आमच्या गाडीला ‘बैरागी’ हे नाव आतोबांनी दिलं. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. त्या दिवसापासून मी त्यांच्यावर डूख धरून होते. हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय, कारण आमच्या घरात मोठ्या माणसांबद्दल असं बोलत नाहीत, लिहिणं तर लांबच. पण दुसरा सौम्य शब्द शोधून पाहिला, तो खोटा वाटला. म्हणून तसंच ठेवते.

बाबा बीडकडून इकडे आले तेव्हा आतोबा आधीच इथे स्थिरावलेले होते. कंपन्यांना माणसं पुरवायचं त्यांचं काम. बाबांना चाकणच्या प्लास्टिक मोल्डिंगच्या कंपनीत त्यांनीच लावलं, आणि ते त्यांनी कोणाला कधी विसरू दिलं नाही. बारसं असो, वास्तुशांत असो, पंगतीत बाबांच्या पानात जिलेबी पडायला लागली की आतोबा समोरून म्हणणार, “वाढा, वाढा. मीच लावलाय ह्याला कामाला, नाहीतर आज गावाकडं शेळ्या वळत असता.” लोक हसत. बाबाही हसत. मला लहानपणी वाटायचं की बाबांना खरंच गंमत वाटते. कॉलेजात जायला लागल्यावर मी त्यांच्या हाताकडे बघायला शिकले. हसताना ते पानातली जिलेबी उगाच इकडून तिकडे सरकवत असत.

तर गाडी. ती बाबांनी वाकडच्या एका सोसायटीतून जुनी घेतली. रंग लाल, इंजिन चांगलं, सीट स्वच्छ. पण तिचं सगळं आयुष्य उघड्या पार्किंगमध्ये उन्हात गेलेलं. रंगवलेला पत्रा टिकला होता. बाहेरचं काळं प्लास्टिक मात्र गेलं होतं. बंपरची खालची पट्टी, चाकांवरच्या कमानी, दारांच्या पट्ट्या, वायपरखालची जाळी, सगळं पांढुरकं, भुरकट. जिथं आधीच्या मालकानं घाईघाईत पॉलिश मारलं होतं, तिथं त्या खरखरीत प्लास्टिकच्या बारीक खाचांत पॉलिशचे पांढरे ठिपके सुकून बसले होते.

आईनं चाकाखाली लिंबू ठेवलं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, आणि त्याच वेळी आतोबा आपली मोठी काळी गाडी गल्लीत घालून आले. हात मागं बांधून त्यांनी आमच्या गाडीभोवती एक फेरी मारली.

“काय पाव्हणं, गाडी घेतली का बैरागी आणला घरात? सगळ्या अंगाला राख फासलीय की!”

शेजारचे लोक हसले. बाबाही हसले, आणि हातातला नारळ या हातातून त्या हातात घेत राहिले.

नाव चिकटायला वेळ लागला नाही. आत्येभाऊ फोनवर विचारायचे, “बैरागी काय म्हणतोय?” गल्लीतले लोक म्हणायला लागले. एकदा पाण्याचा टँकर आला तेव्हा आईच आतून ओरडली, “अहो, बैरागी जरा पुढं घ्या!” आणि मग स्वतःच तोंडावर पदर धरला. गावी जाताना दोन्ही गाड्या बरोबर निघत. आतोबा मुद्दाम मागं राहायचे, आणि नगर रोडला लागलं की हॉर्न वाजवत, हात बाहेर काढून आम्हाला मागं टाकायचे. दर वेळी. बाबा साइड द्यायचे आणि म्हणायचे, “मोठी गाडी हाय त्यांची.” मी मागच्या सीटवर दात आवळून बसायची.

पण हे सगळं मी गिळलं असतं. मला गिळायची सवय आहे; वर्गात उत्तर येत असूनही हात वर करत नाही, त्यातली मी. गोष्ट फिरली ती ताईच्या लग्नात.

ताईचं लग्न ठरलं ते तळेगावच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या मुलाशी. मुलाकडचे लोक लातूरहून ट्रॅव्हल्सच्या बसनं येणार होते. त्यांच्याकडे गाडी नव्हती, म्हणून मोशीच्या कार्यालयातून नवरा-नवरीला तळेगावच्या घरी नेणारी गाडी आमच्याकडची, असं बैठकीत ठरलं. बाबांनी तोंड उघडायच्या आत आतोबा बोलले.

“पाठवणीला माझी गाडी. बैराग्यात बसवून पोरगी पाठवायची का? लोकं म्हणतील, भिक्षेला निघाली.”

पाहुण्यांसमोर बोलले ते. होणारे व्याही चहाचा कप हातात धरून हसावं की नाही ते ठरवत होते.

“तुमी म्हणाल तसं, दाजी,” बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालताना ताई म्हणाली, “मला बाबांच्या गाडीतून जायचं होतं गं.” एवढंच म्हणाली. चिमटे लावत राहिली. ती कधी काही मागत नाही. दहावीनंतर ती कामाला लागली म्हणून मी बी.एस्सी.ला जाऊ शकले, हे आमच्या घरात कोणी बोलून दाखवत नाही, पण मला रोज आठवतं. त्या गच्चीवर मी मनात ठरवलं की ताई आमच्याच गाडीतून जाईल, आणि ते आतोबांना उभं राहून बघावं लागेल. कसं, ते मला ठाऊक नव्हतं. माझ्या हातात फक्त ते पांढरं पडलेलं प्लास्टिक होतं. तिथून सुरुवात केली.

मी मोबाइलवर व्हिडिओ बघितले, पण त्यातल्या लोकांकडे पाण्याचा फवारा, सावलीचं गॅरेज असं बरंच काही होतं. आमच्याकडे तळवड्यातली गल्ली, दोन बादल्या आणि एक दिवसाआड येणारं पाणी. गाडी उन्हात धुवायची नाही, साबण सुकून डाग पडतात, म्हणून मी कॉलेजला जायच्या आधी सकाळी धुवायची. एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत फडका खळबळायला साधं. वरून खाली यायचं. खालच्या पट्टीची माती वर नेली की रंगावर ओरखडे उठतात. प्लास्टिकसाठी जुना दाढीचा ब्रश आणि पातळ केलेला क्लीनर. पॉलिशचे पांढरे ठिपके टूथब्रशनं, गोल गोल, एकेक वीत जागा घेऊन. फेस काळा-करडा निघायचा. तो प्रत्येक वेळी निघाला की मला बरं वाटायचं, जणू आतोबांचंच काहीतरी धुऊन गटारात चाललंय.

शेजारच्या काकू बघत उभ्या राहायच्या. “अगं, लग्न तुझ्या ताईचं हाय ना? गाडीचं तर न्हाई?”

“गाडीचंही आहे, काकू.”

“मग हिलाही हळद लावा!”

त्या हसायच्या, मीही हसायची, आणि ब्रश आणखी जोरात फिरवायची.

पट्ट्या स्वच्छ झाल्या, पण काळ्या झाल्या नाहीत. त्यावर लावायचं औषध मी ऑनलाइन मागवलं होतं, ते यायचं होतं. बाबांनी माझी धडपड बघितली असणार. एका संध्याकाळी ते कंपनीतून पिशवीत एक स्प्रेचा डबा घेऊन आले. साच्यातून तापलेला भाग सुटून बाहेर यावा, साच्याला चिकटू नये, म्हणून मोल्डिंगवाले साच्यात जो स्प्रे मारतात, तो. त्यांच्या कंपनीत तो सगळ्याला चालतो. संपत आलेले डबे माणसं विचारून घरी आणतात: दाराची कडी वाजते, मार, बॅगेची चेन अडकते, मार, पंखा कुरकुरतो, मार. आमच्या अख्ख्या गल्लीत कुठलीच कडी वाजत नाही.

बाबांनी तो स्प्रे सगळ्या प्लास्टिकवर मारला आणि फडक्यानं फिरवला. मी बघतच राहिले. प्लास्टिक असं काळंभोर चमकायला लागलं की त्यात गल्लीतला दिवा दिसत होता.

“बघ,” बाबा म्हणाले, “नवीन झाली.” त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लहानपणापासून पाहिलं नव्हतं.

रविवारी आतोबा पत्रिकांच्या कामाला आले. गाडीपाशी थांबले. बोट फिरवून बघितलं. बैरागी हा शब्द त्यांच्या ओठांवर आला नाही, हे मी दारात उभी राहून नीट बघितलं.

“काय लावलंय हो पाव्हणं?”

“कंपनीतला स्प्रे हाय, दाजी.”

“मलाबी लागंल मग. ठेवा बाजूला.”

मागणं त्यांना येत नाही. ठेवा बाजूला, एवढंच येतं.

पण चारेक दिवसांत ती चमक बिघडली. त्या तेलकट थरावर आमच्या रस्त्यावरची सगळी धूळ येऊन बसली. चाकांच्या कमानी पुन्हा करड्या. पुसलं की धूळ न जाता नुसती पसरायची. तोवर माझं औषध आलं होतं. ते लावण्याआधी प्लास्टिकच्या कडेनं रंगावर कागदी टेप लावायचा असतो, औषध पत्र्यावर जाऊ नये म्हणून. मी टेप लावला. सुटला. पुन्हा लावला, अंगठ्यानं दाबला. लोळून खाली पडला. स्प्रे मारताना उडालेला थर दारांवरही बसला होता, आणि त्यावर काहीच धरत नव्हतं. आधी मला रडू आलं. मग लक्षात आलं की रडायचं कारण नाही. हा स्प्रे तयारच केलाय काही चिकटू नये म्हणून. साच्यात तो हेच काम करतो.

तो थर काढायला मला बरेच दिवस लागले. भांड्याच्या साबणानं धुतलं, मग मोबाइल दुरुस्त करणारे वापरतात ते अल्कोहोल आणून फडक्यानं पुसलं, पुन्हा धुतलं. थिनर लावला नाही, तो प्लास्टिक खातो. दर वेळी सुकल्यावर टेपचा तुकडा लावून बघायची. ज्या सकाळी टेप धरला आणि ओढल्यावर कर्र असा आवाज करून निघाला, त्या सकाळी मी कॉलेज बुडवलं. स्पंजवर औषधाचे थेंब घेऊन पातळ हात दिला, जास्तीचं पुसलं, सुकू दिलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा एक हात. हे काळं बाबांच्या काळ्यासारखं चमकत नव्हतं. शांत, कोरडं काळं होतं ते, कारखान्यातून निघतं तसं. बाबांनी हात फिरवून बघितला आणि म्हणाले, “असंच असतंय आमच्याकडं, लोडिंगला जाताना.” मग जरा थांबून, “माझ्या स्प्रेनं घाण केली व्हय गं?”

“नाही बाबा,” मी म्हणाले. “त्याच्यावरच औषध जास्त चांगलं बसलं.” हे खोटं होतं आणि त्याचं मला काही वाटत नाही.

लग्नाच्या दोन दिवस आधी आतोबा डबा न्यायला आले. बाबा कार्यालयात गेले होते. घरात आई आणि बायका रुखवताचं आवरत होत्या. बाबांनी आणून ठेवलेला दुसरा डबा घेऊन मी बाहेर गेले. त्यांची ती मोठी गाडी उभी होती, काळी, चारही बाजूंनी रुंद काळं प्लास्टिक.

“आतोबा, फक्त प्लास्टिकवर मारा. पत्र्यावर नका मारू.”

“का? पत्र्याला काय मिरच्या लागत्यात?”

“त्यावर मग काही...”

“ए बाई,” त्यांनी डबा हातातून घेतला, “तू आपली केमिस्ट्री कर. गाड्या मी तुझ्या जन्माच्या आधीपास्नं वापरतोय. सगळी गाडी आरशासारखी करतो बघ. नवरी न्यायची हाय, बैराग्यात न्हाई बसायची तुझी ताई.”

मी एकदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा सांगितलं नाही. टेपचं तर सांगितलंच नाही. पाठवणीच्या गाडीला फुलं कशानं लावतात हे मला माहीत होतं, आणि गल्लीच्या तोंडापर्यंत त्यांची गाडी जाईपर्यंत मी हसू दाबत उभी होते. आजही त्या क्षणाबद्दल मनात शोधून बघते, तिथं पश्चात्ताप सापडत नाही.

लग्न लागलं, जेवणं झाली. दुपार कलल्यावर फुलांची सजावट करणारा मोठ्या टोपल्या घेऊन कार्यालयाच्या मागच्या मोकळ्या जागेत आला. आतोबांची गाडी मधोमध उभी होती. दोन दिवस लग्नाच्या धावपळीत चाकण-मोशी फिरल्यानं तिच्या चमकेवर धुळीचा थर चढला होता. सजावटवाल्यानं फडका मारला, धूळ पसरली. त्यानं बॉनेटवर झेंडूची माळ ठेवून टेप लावला. माळ घसरली. दारावर गुलाबाचे गुच्छ लावले, ते एकेक करून खाली पडले. काचेजवळ नवरा-नवरीच्या नावांची पाटी लावली, ती तिरकी होत होत बंपरवर आली. त्यानं वेगळा टेप काढला, रुंद, खाकी. तोही सुटला.

“गाडीला काय तेल पाजलंय का राव? टेपच धरत नाही.”

“पॉलिश हाय ते. भारीतलं,” आतोबा म्हणाले. “तुझाच टेप गंडलाय.”

“टेप सकाळी दोन गाड्यांना धरला, भाऊ.” तो पुन्हा दाबून बघायला लागला. बघे जमले होते. आतोबांनी स्वतः एक गुच्छ उचलून अंगठ्यानं जोरात दाबून धरला. हात काढला की पडला. पुन्हा धरला.

“धरूनच चला तळेगावपर्यंत,” मुलाकडचा कोणीतरी म्हणाला, आणि लोक हसले. या वेळी आतोबांना हसले. मी मंडपाच्या खांबाला धरून उभी होते. पोटात इतकं गोड वाटत होतं की भीती वाटली.

सजावटवाल्यानं घड्याळ बघितलं. “दुसरी गाडी असेल तर बोला. मला अजून भोसरीला जायचंय.”

मी बोलू शकले असते. शब्द तोंडात होते. पण मी बाबांकडे बघत राहिले, कारण मला ते माझ्या तोंडून नको होतं. बाबा टोपी नीट करत होते, उगाच, पुन्हा पुन्हा. मग त्यांनी टोपीवरचा हात खाली घेतला.

“आमची हाय की,” ते म्हणाले. “तिकडं लावलीय. लाल.”

“बैराग्यात?” आतोबा म्हणाले.

बाबांनी त्यांच्याकडे बघितलं आणि हसले नाहीत. “व्हय,” म्हणाले. “माझी पोरगी हाय, माझ्या गाडीतनं जाईल.”

मी गाडी आणली. सजावटवाल्यानं बंपरपासून आरशापर्यंत एकदा नजर फिरवली, बॉनेटवर माळ ठेवली, टेप लावला, ओढून बघितला. “धरतोय,” म्हणाला, आणि कामाला लागला. कौतुक म्हणून मला तेवढं पुरलं.

पाठवणीत सगळे रडले. ताई गाडीत बसताना बाबांनी दार धरलं होतं, आणि त्यांचा दुसरा हात त्या काळ्या पट्टीवर होता. गाडी मीच चालवायला घेतली; बाबांनीच मला ती शिकवली होती. साडी आवरून, चपला काढून. मागे ताई आणि नवरदेव, पुढे माझ्या शेजारी आत्या, पाठराखीण म्हणून. आतोबांच्या बिनफुलांच्या गाडीत मुलाकडची माणसं बसली. तिला आमच्या मागून यावं लागलं.

चाकणपासून तळेगावचा रस्ता तुम्हाला माहीत असेल. पुढं कंटेनर, मागं कंटेनर, मधे धूळ. नवरीच्या गाडीला कोणी ओव्हरटेक करत नाही, ते अशुभ मानतात. मी सावकाश चालवत होते. फुलं उडू नयेत म्हणून, असं मी नवरदेवाला सांगितलं. ते खरंही होतं. मागून हॉर्न वाजला. मग पुन्हा. आरशात ती मोठी गाडी डावीकडून डोकावायची, उजवीकडून डोकावायची आणि परत रांगेत यायची.

रडून सुजलेल्या डोळ्यांनी ताईनं मला आरशात गाठलं. “तू काहीतरी केलंयस,” ती म्हणाली.

“मी गाडी धुतली.”

हॉर्न चालूच होता. मी आत्याकडे बघितलं. यजमान तिचे, मला जरा कसंतरी झालं. आत्यानं ओटीतला नारळ मांडीवर नीट केला.

“वाजवू दे त्यांना,” ती म्हणाली. “तू तुझ्या चालीनं चल. कितीक वर्सं मीच ऐकतेय.”

तळेगावला दारात औक्षणाचं ताट घेऊन बायका उभ्या होत्या. मी गाडी दारासमोर घेतली आणि उतरले. आतोबांची गाडी पाठोपाठ आली आणि नेहमीच्या सवयीनं तिचं तोंड पुढं घुसवायला लागली. अख्ख्या रस्त्याची धूळ तिनं अंगावर धरून आणली होती. टपापासून चाकापर्यंत करडी, राख फासल्यासारखी. त्यांनी काच खाली केली. इतकी वर्षं मला मोठ्यांसमोर वाक्य पुरं करता आलं नव्हतं. हे वाक्य मी गाडी धुताना रोज म्हणून बघितलं होतं, आणि आता मी ते हळू आवाजात, अगदी आदरानं म्हणाले.

“आतोबा, बैरागी जरा मागं घ्या. पुढं नवरीची गाडी आहे.”

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग आपल्या बॉनेटकडे. आत बसलेलं कोणीतरी खुदकन हसलं. आत्या नारळ सावरत माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मग गिअर पडल्याचा आवाज आला, आणि त्यांनी गाडी मागं घेतली.